आमचे तर घरात आहेत

कोथिंबीर संपली होती, एवढंच निमित्त. देविका ऑफिसातून येऊन कणीक मळत होती, डोकं ठणकत होतं, आणि सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगलीला या दिवसांत कसा गार वारा सुटतो ते सांगत होते.

"अण्णा, घरात बसून कंटाळता ना? मग मार्केटपर्यंत जाऊन जरा कोथिंबीर तरी आणा," ती म्हणाली. शब्दांत काही नव्हतं, सुरात होतं. सूर्यकांतरावांनी पिशवी उचलली. चपला घातल्या आणि निघाले.

दिल्लीला मुलाकडे येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. हिंदी जेमतेम. सरोजिनी नगरचे जुने सरकारी क्वार्टर पाडायचं काम चालू होतं. त्यांच्या गल्लीतले निम्मे ब्लॉक रिकामे झालेले, दारं-खिडक्या काढून नेलेल्या. उरलेल्या निम्म्यांत माणसं राहत होती. दिवसा ती पडकी घरं नुसती उदास दिसत. दिवेलागणीला मात्र तिथून जाताना माणूस उगाच पाय उचलायचा.

अण्णा गेले आणि मागोमाग आंधी आली. आभाळ आधी पिवळं झालं, मग विटकरी. दातांखाली धूळ करकरली. आणि दिवे गेले. नुसते त्यांच्या घरचे नाहीत. मार्केटचा लखलखाट, फ्लायओव्हरवरची रांग, लांबच्या टॉवरांवरचे लाल ठिपके, सगळं एका दमात विझलं.

नवऱ्याचा, श्रीरंगचा, फोन आला. "मेट्रो बोगद्यात थांबलीय. म्हणे सगळा उत्तर भारतच गेलाय, यार. तू घाबरू नकोस. अण्णा आहेत ना?"

"आहेत," देविका म्हणाली. खरं सांगत बसायचा तिला कंटाळा आला होता. पुढचं बोलणं अर्धवट तुटलं. नेटवर्कही गेलं.

सुरुवातीला गंमतच होती. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणी फ्रिजमधलं टरबूज कापून गॅलरी-गॅलरीतून वाटलं. कुणी गाणं म्हटलं, कुणी सरकारला शिव्या दिल्या, सगळे हसले. मग उकाडा वाढला, हसणं कमी झालं. नेटवर्क जायच्या आधी एक आवाजी मेसेज बऱ्याच फोनवर येऊन पडला होता. ज्यांच्याकडे होता ते तो मोठ्याने वाजवून इतरांना ऐकवू लागले. "अँधेरे में एक गिरोह घूम रहा है. घरवालों का नाम लेकर बुलाते हैं, आपकी ही ज़बान में. दरवाज़ा मत खोलना." आधी कुणी पाठवला, ते कुणी विचारलं नाही. पुरुष मंडळी हॉकी स्टिका आणि सळया घेऊन खाली उतरली. हातात सळई आली की माणूस रिकाम्या हाताने घरी परतायला राजी नसतो.

देविका बैठकीत अंधारात बसली होती. मोबाइलची बॅटरी संपत आलेली. कोपऱ्यातली वेताची खुर्ची करकरली.

"अण्णा?"

"हं."

"कधी आलात तुम्ही?"

"दार उघडंच होतं."

तिने उठून चाचपडत कडी घातली. जिवात जीव आला. "मी काळजीत होते हो..."

"घाबरलीस होय? बस. मी आहे ना," अण्णा म्हणाले. इतक्या मायेने ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. संध्याकाळचं आपलं बोलणं आठवून तिला रडू आलं. खोलीत कसलासा गार, बुरसट वास भरला होता, बंद घर बऱ्याच काळाने उघडावं तसा. वारा रिकाम्या ब्लॉककडून येत असेल, तिला वाटलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"देविका... ए देविका, दार उघड गं. मी आहे."

आवाज हुबेहूब अण्णांचा. दम लागलेला, घाबरा.

"उघडू नकोस," खुर्चीतून हलकेच शब्द आले. "मी तर इथं आहे."

"अगं, रस्ता चुकलो... त्या पडक्या घरांत शिरलो होतो. दार उघड, पोरी..."

देविकाने तोंडावर हात दाबून धरला. नाव घेतात, आपल्याच भाषेत बोलतात. अक्षर न् अक्षर खरं होतं. थापा थांबल्या. पावलं ठेचकाळत जिना उतरली, आणि मग हाक गॅलरीखालून आली. "देविका! अगं, निदान तोंड तरी दाखव!"

"ओरड," खुर्चीतला आवाज म्हणाला. "तू नाही ओरडलीस तर दुसऱ्या कुणाचा जीव घेईल तो."

ती गॅलरीत धावली. "भैया! इधर है! हमारी बालकनी के नीचे!"

टॉर्च धावत आले. शिव्या, पावलं, धूळ. खाली रिंगण धरलं गेलं. धुळीने माखलेला कुणीतरी मधोमध वाकून उभा होता. एक हात डोक्यावर धरलेला, दुसऱ्या हातातलं काहीतरी उंच करून दाखवत होता. बोलत होता ते कुणाला कळत नव्हतं; तिचं नाव तेवढं कळत होतं.

त्या गर्दीतही एक शहाणा निघाला. "रुको, रुको! भाभीजी, ये आपका नाम ले रहा है. आपका कोई है क्या?"

सगळे थांबले. सळया वरच्या वर राहिल्या. माना वर झाल्या.

देविकाने वळून अंधाऱ्या खोलीत पाहिलं. "अण्णा?"

"हं."

"नहीं," ती खाली म्हणाली. "हमारे तो घर में हैं."

पुढचं तिला दिसलं कमी, ऐकू जास्त आलं. ओल्या गादीवर काठी बसावी तसे आवाज. वरच्या गॅलरीतून कुणीतरी सांगत होतं, पायांवर मारा, पळून जाईल. पोरांना आत न्या, असं एक बाई म्हणाली; नेलं कुणीच नाही. खालचा माणूस तिचं नाव घेत राहिला. मग अर्धंच नाव. मग तेही नाही.

आणि मग वाऱ्यावरून वास आला. हिरवा, ताजा. पायांखाली ठेचल्या गेलेल्या कोथिंबिरीचा.

देविका हळूहळू वळली. "अण्णा..."

खुर्चीतून कुणी हुंकार दिला नाही.

दिवे आले. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत साऱ्या मोहल्ल्याने नेहमीसारखी आरोळी ठोकली, "आ गईऽऽ!" हातात सळया असलेल्यांनीही ठोकली. मग त्यांनी खाली पाहिलं.

पोलिसांनी अज्ञात जमाव असं लिहून घेतलं. तिरडी बांधायला गल्लीतलेच हात आले, दुसऱ्या दिवशी डबेही त्याच घरांतून आले. "अँधेरा था, भाभीजी," जो तो म्हणाला. श्रीरंगला देविकाने इतकंच सांगितलं, की मी दार उघडलं नाही. तो त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. खुर्चीबद्दल ती कुणाला सांगणार?

दिवस गेले. ती कामावर जाऊ लागली. एका संध्याकाळी जिना चढून आली तर समोरच्या घराचं दार किलकिलं होतं. तिथे प्रभावतीताई एकट्या राहायच्या, अमरावतीच्या, मंत्रालयात नोकरीला. आत मिट्ट काळोख. ताई फटीत उभ्या होत्या, चेहरा नीट दिसत नव्हता.

"ताई, दिवा नाही लावला?"

"दिवा लावला की ते उठून जातात गं."

"कोण?"

"तुझे अण्णा. रोज येऊन बसतात माझ्याकडे. एकच विचारतात... वरून ओरडलं कोण?"

"तुम्ही... काय सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? म्हणाले, तिलाच बोलावून आण." ताईंनी तिचं मनगट धरलं. हात थंड होता, पण भरवशाचा, घरच्या माणसाचा. "ये ना आत."

तेवढ्यात खालून जिन्यावर चपलांचा आवाज झाला. किल्ल्या खुळखुळल्या. दमलेल्या स्वरात कुणीतरी म्हणालं, "देविका? कोणाशी बोलतेयस गं तिथे?"

आवाज प्रभावतीताईंचा होता.

दारातल्या ताई घाबरून तिच्या कानाशी झुकल्या. "ऐकलंस? मी तर इथं आहे... लवकर आत ये."

पावलं वर येत होती. मनगटावरची पकड घट्ट झाली. देविका जिन्याकडे पाहत होती, दाराकडे पाहत होती, आणि ओरडायला तोंड उघडावं तर कुणाच्या नावाने, तेच तिला कळत नव्हतं.