परवाची पट्टी

चहा ओता, आणि ते दार आधी लावून घ्या. बेइशेन माझा शेजारी, बाजारात नान भाजायचा. थापा मारणं त्याला कधी जमलंच नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

बिश्केकला सरकार कोसळलं त्या ऑक्टोबरात आपल्या शहरात पोलीस औषधालाही सापडत नव्हता. लुटारू मात्र मोकाट. मग आपल्याच माणसांनी बाजाराच्या रस्त्यावर अडसर टाकला आणि दंडाला पट्ट्या बांधल्या. चिंधीच ती, पण बांधली की सातिबाल्दीसारखा खाटीकही कोतवाल व्हायचा! लुटारूंनी नक्कल करू नये म्हणून रोज संध्याकाळी रंग बदलायचा. गुरुवारी पांढरा, शुक्रवारी पिवळा, शनिवारी लाल. जुना रंग दिसला की समजायचं लुटारू, आणि हाणायचं.

बेइशेनचा मुलगा जिरगाल शुक्रवारी दुपारी आत्याच्या गावी पीठ आणायला गेला. दंडावर पांढरी पट्टी तशीच होती. रात्री परतणार होता, आला नाही.

शनिवारी अमावस्या. मध्यरात्र उलटल्यावर बेइशेन पहाऱ्यावरच्यांना चहा द्यायला गेला. चहाचं नुसतं निमित्त, वाट मुलाची बघत होता.

धुक्यातून कुणीतरी आलं. दंडावर पांढरं.

"थांब तिथेच!" सातिबाल्दीनं दांडकं उचललं. "परवाची पट्टी आहे ही!"

"अरे, माझा जिरगाल आहे तो!"

"असू दे, बाइके. मोठा भाऊ मानतो तुला, पण लाल नाही तर आत नाही. नियम म्हणजे नियम."

"तुझा नियम घाल चुलीत!"

बेइशेन अडसराखालून पलीकडे गेला. स्वतःची लाल पट्टी सोडली आणि मुलाच्या दंडाला बांधू लागला. बाही निथळत होती. हात बर्फासारखा.

"कुठे होतास रे? तुझी आई कालपासून जेवली नाही."

जिरगालनं बापाचा डावा दंड घट्ट धरला.

"चल घरी."

"...बाबा."

"बोल, बाळा."

"मी नाव सांगितलं... ओरडून सांगितलं. तुमचंही सांगितलं."

"कुणाला?"

जिरगालनं अडसराकडे पाहिलं.

"त्यांनी... पट्टीच पाहिली."

मागे दांडकं खाली पडल्याचा आवाज झाला. बेइशेन वळला. पुन्हा मुलाकडे पाहिलं...

नुसतं धुकं.

रविवारी कालव्याच्या जाळीत जिरगाल सापडला. डोकं फुटलेलं. मयताला अंघोळ घालणारे मुल्ला म्हणाले, शुक्रवारपासून पाण्यात आहे. कुणी मारलं, ते कुणीच कबूल केलं नाही. खांदा द्यायला मात्र सगळे आले, सातिबाल्दी सगळ्यात पुढे. बेइशेननं कुणाला अडवलं नाही. अडवून काय मिळणार होतं? मला आजही त्या सगळ्यांची किळस येते, आणि नान मी त्यांच्याच शेजारी बसून खातो.

गेल्या हिवाळ्यात हमामात बेइशेननं माझ्यासमोर पहिल्यांदा सदरा काढला. डाव्या दंडावर पाच बोटांचे वळ. काळेनिळे, ताजे.

"दुखतं का रे?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "रात्री ओले होतात."