फळ्यावरची गोळी

"व्हॅक्यूम बिघडलाय ना? दाखवा!"

हत्यारांची पेटी टेबलावर ठेवत ती म्हणाली आणि फळ्यासमोरचा विस्कटलेल्या केसांचा प्राध्यापक खडू धरून बघतच राहिला.

"अजून नाही बिघडला..." तो चाचरला. "पण बिघडू शकतो. अख्ख्या विश्वाचा."

आता काय बोलावं! कचरा ओढायची यंत्रं दुरुस्त करणारी ती. दारावर 'व्हॅक्यूम बिघडला तर?' असा कागद दिसला, शिरली आत. कागद निघाला त्याच्या व्याख्यानाचा, आणि त्यातला व्हॅक्यूम म्हणजे विश्वातली पोकळी! बिघडलेलं यंत्र शेजारच्या खोलीत धूळ खात होतं. दोघं पोट धरून हसले. मग चहा झाला... आणि होतच राहिला. यंत्र कधीच दुरुस्त झालं, हिच्या फेऱ्या काही थांबेनात.

"काय हो पोकळीवाले, बिघडलं का विश्व?" ती दारातूनच विचारायची.

एकदा त्याने फळ्यावर दोन खळगे काढले. वरच्या खळग्यात एक गोळी.

"ही गोळी म्हणजे विश्वभर, पोकळीतही पसरलेलं एक क्षेत्र, चुंबकाभोवती असतं तसं. तिला वाटतं, हाच तळ. खरा तळ पलीकडे, आणखी खाली."

"मग मधला उंचवटा चढायचा?"

"चढायचा नाहीच. एखाद्या क्षणी – आरपार! तिथे एक बुडबुडा उमटतो, पसरत जातो. त्याच्या आत सगळे नियमच नवे. आणि परत येणं नाही."

"ही गोळी म्हणजे अगदी आमची मावशी! खड्ड्यात असली तरी कधीही विचारा, 'बरं चाललंय.'"

ती हसली खरी, पण आपणही त्याच गोळीच्या जातीच्या, हे तिला आतून लागलं. रोजचा चहा, रोजची थट्टा. मनातलं बोलून बसलो आणि हेही गेलं तर?

आणि आज तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय. संध्याकाळपर्यंत कळवायचंय... तुमचं कसं चाललंय?"

"बरं चाललंय."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. तिने पेटी उचलली, दारापर्यंत गेली. पेटी परत खाली ठेवली.

"नाही! काही बरं चाललेलं नाही. जाऊ नकोस!"

तो गर्रकन वळला. "नकोस?"

अगं बाई! इतक्या दिवसांचं 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. तिचे कान लाल झाले.

"चुकून निघालं... परत घेते."

त्याने फोन काढला, नोकरीला 'नाही' कळवलं आणि खडूची बोटं तशीच तिच्या हातावर ठेवली.

"परत येणं नाही," तो म्हणाला. "फळ्यावर काढलंय की. बघ."

बघा नाही – बघ.