दुसरा ठिपका

एक डोंगर होता. एका बाजूने एक यंत्रमानव बोगदा खणत निघाला, दुसऱ्या बाजूने दुसरा. दोघांनी डोंगराच्या पोटात एका ठरलेल्या जागी भेटायचं होतं. पहिला त्या जागी पोचला. दुसराही पोचला. आणि तरी त्यांची भेट काही झाली नाही! दोघांच्याही समोर नुसता काळाकभिन्न खडक.

तुम्ही म्हणाल, असं कसं होईल? केतकी सामंतसुद्धा तिच्या आजोबांना हेच विचारत होती आणि आजोबा डोकं खाजवत होते. दिगंबर सामंतांना उत्तर येत नाही, ही गोष्ट चंद्रावर क्वचितच घडे.

हो, चंद्रावर. डोंगर चंद्रावरचाच होता. त्याच्या पायथ्याशी दोन वस्त्या होत्या, अलीकडे उगवती आणि पलीकडे मावळती. उगवती आजोबांनी वसवली होती आणि मावळती त्यांच्या धाकट्या बहिणीने, मंदाकिनीने. केतकी तिला आत्याआजी म्हणे. भाऊ-बहीण दोघंही नावाजलेले शास्त्रज्ञ, आणि हट्टीपणात एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं! डोंगराला वळसा घालून एकमेकांकडे जायचं तर अवजड अंतराळपोशाख चढवावा लागे, आणि या वयात डॉक्टर दोघांनाही तो चढवू देत नव्हते. त्यामुळे कित्येक वर्षं आत्याआजी पडद्यावर दिसणाऱ्या भावालाच ओवाळत आली होती.

“काचेला कुंकू लावून लावून काच लाल झाली गं,” ती केतकीला म्हणायची. म्हणताना हसायची, पण मग बोटाने ती काच पुसत राहायची.

यंदाच्या भाऊबीजेला मात्र ती समोरासमोर ओवाळणार होती. खणतील तसतशी बोगद्यात दोन्हीकडून हवा भरत आणली होती, त्यामुळे तो पूर्ण झाला की साध्या कपड्यांत चालत जाता येणार होतं. अडचण एकच होती. चंद्रावरचा दिवस पृथ्वीवरच्या जवळजवळ दोन आठवड्यांएवढा मोठा, आणि रात्रही तेवढीच. सूर्य मावळला की खणायला वीज मिळत नसे. साठवलेली सगळी हवेसाठी आणि उबेसाठी लागे. पृथ्वीवरच्या पंचांगाप्रमाणे आज धनत्रयोदशी होती आणि सूर्य भाऊबीजेच्या आधीच मावळणार होता.

“दादा, तुझा मुंगळा वाट चुकलाय,” आत्याआजी पडद्यावरून म्हणाली. मुंगळा हा उगवतीचा यंत्रमानव.

“माझा मुंगळा चुकत नाही. तुझा भुंगाच भरकटला असेल.”

“भुंग्याचा नकाशा मी स्वतः तपासलाय!”

“आणि मुंगळ्याचा मी!”

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे शास्त्रज्ञांच्या घरीही चालतं. केतकी कंटाळली आणि दाराशी, आतल्या बाजूला, रांगोळी काढायला निघून गेली.

चंद्रावर रांगोळी काढणं सोपं नाही. तिथे वजन कमी, त्यामुळे चिमटीतून सुटलेली पूड सावकाश उतरते आणि ठिपका विस्कटतो. म्हणून केतकी ठिपक्यांचा कागद वापरायची. या कागदाला ओळीने भोकं पाडलेली असतात. कागद जमिनीवर ठेवायचा, वरून पूड फिरवायची आणि अलगद उचलायचा. खाली ठिपके तयार!

आज तिला मोठा मोर काढायचा होता, आणि कागद होता लहान. म्हणून एकदा ठिपके पाडल्यावर तिने कागद उचलून शेजारी सरकवला. कागदाच्या कोपऱ्यातलं भोक तिने आधीच्या एका ठिपक्यावर बरोबर बसवलं, पूड फिरवली, कागद उचलला. मग रेषा जोडत गेली आणि बघते तर काय, मोराची मान एकीकडे आणि पिसारा भलतीकडे!

“मुंगळ्या, इकडे ये. माझा मोर मोडला.”

वीज वाचवण्यासाठी मुंगळ्याला बोगद्यातून परत बोलावलं होतं. तो आपले सहा पाय टाकत आला. “आई कुठंय रे? तिला दाखवते.”

“तुझी आई दारापासून पुढे बारा पावलं, उजवीकडे सात पावलं आहे,” मुंगळा म्हणाला.

“म्हणजे पाण्याच्या टाकीमागे. सरळ सांग की!”

“दोघांनीही सरळच सांगितलं,” मागून आजोबांचा आवाज आला. पडद्यावरच्या भांडणाला कंटाळून तेही खोलीतून दाराशी आले होते. शिकवायची संधी दिसली की आजोबांचा राग पळत असे. “केतू, तुझ्या डोक्यात वस्तीचा नकाशा आहे, पण त्यात आकडे नाहीत. खुणा आहेत. टाकी, स्वयंपाकघर, आईचं टेबल. कशाच्या शेजारी काय आणि कुठून कुठे वळायचं, एवढ्यावर माणसाचं भागतं. मुंगळ्याला टाकी म्हणजे काय याच्याशी कर्तव्य नाही. तो निर्देशांक (एखादी जागा नेमकी सांगणारे आकडे) लक्षात ठेवतो. दारापासून किती पुढे आणि किती बाजूला. अंधारातसुद्धा तो टाकीवर आपटणार नाही.”

“मी आपटते,” केतकीने कबूल केलं. “पण दारापासूनच का मोजायचं?”

“कुठून तरी सुरुवात हवीच ना? मुंगळा दारापासून मोजतो. दार ज्या दिशेला उघडतं ती त्याची पूर्व. याला म्हणतात संदर्भचौकट (कुठून मोजायचं आणि कोणत्या दिशेने मोजायचं, याचा ठराव). चौकट माहीत नसेल तर आकड्यांना काही अर्थ नाही.”

“आणि भुंगा?”

“तो मावळतीच्या दारापासून मोजतो.”

“मग दोघांचे आकडे वेगळे येणार!”

“येणारच. म्हणून तर दोघांनाही दिसणारी एक खूण धरली. डोंगरमाथ्यावरचा नंदी.” नंदी म्हणजे बसलेल्या बैलासारखा एक भलामोठा दगड. “नंदीच्या खालचा खडक भेगाळलेला आहे, तिथे खणता येत नाही. म्हणून ठरवलं, की नंदीपासून उत्तरेला बरंच पुढे जायचं आणि तिथे भेटायचं.”

“आणि वर-खाली चुकलं असेल तर?”

आजोबा खूश झाले. प्रश्न चांगला होता. “खाली कुठे ते ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सांगतो. डोंगराच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, तो सारखंच सांगतो. तिथे भांडण नाही.”

केतकी मोडक्या मोराकडे बघत बसली. ज्या ठिपक्यावर तिने भोक बसवलं होतं, तिथे सगळं ठीक होतं. त्याच्या शेजारचे ठिपके जरासेच हुकले होते. पण जसजसं लांब जावं तसतसे ते जास्तच भरकटत गेले होते. तिने कागद पुन्हा ठेवला, ते एक भोक त्याच ठिपक्यावर बसवलं, बोटाने दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने कागद हळूच ढकलला. बोटाखालचं भोक जागचं हललं नाही, पण बाकीचा सगळा कागद बोटाभोवती गर्रकन फिरला.

“आजोबा,” ती हळूच म्हणाली, “नंदी म्हणजे एकच ठिपका.”

“म्हणजे?”

“तुमचा नकाशा ही जमीन. आत्याआजीचा नकाशा हा कागद. तुम्ही फक्त नंदीवर नंदी बसवलात. पण एका ठिपक्यावर कागद फिरतो! नंदीजवळ गेलो असतो तर चुकलो नसतो. आपण तर त्याच्यापासून लांब गेलो.” तिने आता कागदाचं दुसरं भोकही खालच्या एका ठिपक्यावर बसवलं आणि दोन बोटांनी दाबलं. मग कागद ढकलला. तो तसूभरही हलला नाही. “दुसरा ठिपका हवा.”

आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले. त्यांनी स्वतः कागद ढकलून पाहिला. एका बोटावर, मग दोन बोटांवर.

“पण दिशा तर आमच्या दोघांची एकच आहे,” ते म्हणाले. “दोन्ही दारं पूर्वेला...” आणि त्यांची नजर समोरच्या दाराकडे गेली.

“पूर्वेलाच आहेत हे कुणी मोजलं?”

कुणीच मोजलं नव्हतं! खरं सांगायचं तर मोजायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आपल्या माणसाने घर बांधलं, की दार पूर्वेलाच ठेवणार. आजोबांच्या वडिलांनी ठेवलं, त्यांच्या वडिलांनी ठेवलं, मग चंद्रावर तरी दुसरं काय होणार? एवढे दोन मोठे शास्त्रज्ञ, आकाशातल्या ताऱ्यांची अंतरं मोजणारे, पण घरच्या दाराची दिशा त्यांनी विश्वासावर सोडून दिली होती.

“दोन्ही वस्त्यांतून दिसेल अशी आणखी एखादी खूण?” आजोबा पुटपुटले.

केतकीने खिडकीकडे बोट केलं. डोंगरमाथ्याच्या दुसऱ्या टोकाला दिव्याचा खांब लुकलुकत होता. येणाऱ्या यानांना वाट दाखवायला तो तिथे रोजच लुकलुकत असे. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आजोबा धावतच पडद्याकडे गेले. चंद्रावर म्हातारी माणसंही छान धावतात. “मंदा! नंदीपासून दिव्याचा खांब किती लांब आहे तुझ्या नकाशात?”

“बाराशे पावलं. का रे?”

“मुंगळ्या, आपल्या नकाशात?”

“बाराशे पावलं,” मुंगळा म्हणाला.

“अंतर सारखंच आलं!” केतकी ओरडली. “म्हणजे चुकलं कुणाचंच नाही. आता दिशा सांग, आत्याआजी.”

“नंदीपासून नीट उत्तरेला.”

“आपल्या नकाशात उत्तरेकडून थोडा पूर्वेला कललेला,” मुंगळा म्हणाला.

 आजोबा मुंगळ्यावर उखडले. “अरे, हे आधी का नाही सांगितलंस?”

“मला कुणी विचारलं नाही,” मुंगळा म्हणाला. ते खरंच होतं. यंत्राकडे आकडे होते, पण ते कुठल्या कामी लावायचे हा विचार माणसानेच करायचा होता.

“एका दाराने दगा दिला म्हणायचा,” आत्याआजी म्हणाली. “तुझ्याच, दादा.”

“तुझ्याच दाराने दिला असेल!”

“ते नंतर भांडा,” केतकी म्हणाली. दोघांनीही चक्क ऐकलं. “खरी पूर्व कुठे हे आत्ता कळायची गरजच नाही. नंदीवर नंदी आणि खांबावर खांब बसवा. नकाशे एकमेकांशी जुळले की पुरे.”

भुंग्याचा नकाशा मुंगळ्याच्या नकाशावर ठेवला, नंदीभोवती जरासा फिरवला आणि खांबावर खांब बसला. त्याबरोबर मावळतीच्या सगळ्या जागा आपसूक आपापल्या ठिकाणी आल्या. दोन्ही बोगद्यांची टोकंही एका नकाशावर दिसली. ती एकमेकांच्या शेजारून निघून गेली होती. मधे बऱ्यापैकी जाड खडक होता.

दोन्ही यंत्रमानव नव्या दिशेने खणू लागले. सूर्य क्षितिजाला टेकला. केतकीने जेवायलाही बोगद्यातच ठाण मांडलं. सूर्य अर्धा बुडाला, वीज उतरू लागली. आईने एकदा हाक मारली, पण केतकी खडकाला कान लावून बसली होती. आधी काहीच ऐकू येईना. मग खडकाच्या आतून बारीक आवाज आला. ठकठक. ठकठक.

“आजोबा, भुंगा!”

आजोबांनीही कान लावला. आवाज मोठा होत गेला. शेवटी भिंतीचा एक ढलपा सुटला, सावकाश तरंगत खाली आला, आणि भोकातून भुंग्याचं टोकेरी तोंड बाहेर पडलं. ते मुंगळ्याच्या अगदी समोर होतं. केतकीने आनंदाने उडी मारली ती थेट छताला डोकं लागेपर्यंत. बाहेर सूर्याची शेवटची कोर विझत होती.

भाऊबीजेला दोन्ही वस्त्या त्या जोडावर जमल्या. केतकीने तिथेच मोर काढला होता, दोन-दोन ठिपके जुळवून, मान जागच्या जागी. मावळतीकडून आत्याआजी आली. हातात ताम्हण आणि निरांजनात इवलासा विजेचा दिवा, कारण वस्तीत ज्योत पेटवायला मनाई. आजोबांना बघून ती मधेच थांबली.

“काचेत जाड दिसायचास रे,” ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.  आजोबांनी तिचा हात धरला.

“बस आता पाटावर,” आत्याआजी म्हणाली. “पूर्वेकडे तोंड करून.”

आजोबांनी सवयीने उगवतीच्या दाराच्या दिशेला धरून पाट ठेवला. मग त्यांना आठवलं आणि ते थबकले. अंधार पडल्यावर मुंगळ्याने ताऱ्यांवरून खरी पूर्व काढली होती, आणि वाकडं निघालं होतं ते आजोबांचंच दार, त्यांनी स्वतः उभं राहून बसवलेलं. आत्याआजीने त्यावरून अजून चिडवलं नव्हतं. ते ती ओवाळून झाल्यावर करणार होती.

आजोबा पाट तसाच सोडून सरळ उभे राहिले. आजूबाजूला चंद्रावरचे इंजिनियर होते, खगोलशास्त्रज्ञ होते, सहा पायांचा मुंगळा होता. आजोबांनी कुणालाच विचारलं नाही. ते केतकीकडे वळले.

“केतू, पूर्व कुठे गं?”

सगळे तिच्याकडे बघू लागले. केतकीचे कान गरम झाले. इथे नंदी दिसत नव्हता, खांब दिसत नव्हता, चहूकडे खडक होता. तिने डोळे मिटले. डोक्यातल्या नकाशात वर डोंगरमाथ्यावर एका टोकाला नंदी बसवला आणि दुसऱ्या टोकाला खांब. दोन्ही जागेवर बसल्यावर नकाशा स्थिर झाला. नंदीकडून खांबाकडे उत्तर, म्हणजे तिच्या उजव्या हाताला पूर्व. पुढेमागे उगवती, मावळती, अजून न बांधलेल्या वस्त्या, न खणलेले बोगदे, सगळ्यांना त्यात जागा होती.

तिने डोळे उघडले आणि हात लांब केला.

“ही.”

मुंगळ्याचा हिरवा दिवा लागला. दिशा बरोबर होती. पण आजोबांनी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. दिवा लागायच्या आतच त्यांनी पाट नातीच्या हाताच्या दिशेने फिरवला होता, आणि त्यावर ते ऐटीत बसलेसुद्धा होते.