सेल्फ कोणी मारला

बॉनेट पाड, यशराज, आणि इथं येऊन बस. रात्रीचं त्या पंपाशी झोंबू नकोस, सकाळी मेस्त्री येईल. घरी फोन करून सांग, बोनकोड्याच्या स्टँडवरच झोपतोय म्हणून. एकटाच एअर काढत होतास आणि वर ‘मार’ म्हणून ओरडलास. कुणाला ओरडलास रे? सवय आहे, म्हणे. बाकीच्यांनी दात काढू नका. तुमच्या या हौसेमामाची हयात स्टेअरिंगवर गेली, उगाच पोरांना घाबरवायची हौस नाही मला. पण याच सवयीपायी ऐरोलीच्या धम्मपालचं काय झालं ते ऐका, आणि मग खुशाल दात काढा.

धम्मपाल आणि त्याची बायको संघप्रिया लग्नाकार्याला मोठी भांडी भाड्यानं देतात. टोप, कढया, पराती, शेगड्या. ती पोचवायला त्याच्याकडं जुनी डिझेल पिकअप होती. गाडी इमानी, पण तिचा डिझेलचा पंप कामातून गेलेला. टाकीतलं डिझेल इंजिनापर्यंत ओढायचं, हे त्या पंपाचं काम. तो दमला की पाइपात हवा शिरते आणि गाडी चालता चालता मान टाकते. मग बॉनेट उघडायचं, फिल्टरवरचा बोल्ट ढिला करायचा आणि त्याच्या शेजारचा छोटा हातपंप दाबत बसायचं. आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल. ते आलं की बोल्ट आवळायचा आणि केबिनमधल्या माणसाला म्हणायचं, मार. त्यानं चावी फिरवून सेल्फ मारायचा. दोघांचं काम आहे ते. आणि बॉनेट उभं राहिलं की काच झाकली जाते, आतला माणूस दिसत नाही. सगळा भरवसा आवाजावर.

मेस्त्री कितीदा म्हणाला असेल, बाबा, नवा पंप टाक. हा हसायचा. ‘संघू आहे ना आत. आमचं टायमिंग जमलंय,’ म्हणायचा. आणि खरंच जमलं होतं. क्लीनर सोडून गेल्यापासून तीच त्याच्याबरोबर फिरायची. हा म्हणायचा ‘मार’, ती आतून म्हणायची ‘मारते’, आणि गाडी चालू. तुमचा अर्धा संसार या दोन शब्दांवरच चाललाय, असं मी तिला चिडवायचो. ती लाजायची, पण खूश व्हायची. जीव होता दोघांचा एकमेकांवर, खोटं कशाला सांगू.

दोन हजार चोवीस सालचा डिसेंबर. तीस तारीख, सोमवार, आणि त्यात अमावास्या. धम्मपाल असलं काही मानत नाही. भुताखेताचं नाव काढलं की तुम्हालाच चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवील. तळोज्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात जेवणावळ होती, तिथली भांडी परत आणायची होती. रोजचंच काम. खरकटी भांडी मोजून घेईपर्यंत, भरेपर्यंत साडेअकरा वाजून गेले. मागच्या फाळक्याला त्यानं साखळी घातली, कुलूप लावलं. पितळेचे टोप सिग्नलला थांबल्या थांबल्या उचलून नेतात लोक. त्या कुलपाची किल्ली गाडीच्या चावीच्याच जुडग्यात होती, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आतल्या रस्त्यानं निघाले. तिकडं रात्री कसं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. धुराड्यांचे दिवे लांब वर कुठंतरी आणि खाली डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही असा अंधार. नाल्यावर एक चढाचा पूल आहे. पुलाच्या मध्यावर गाडीनं आचका दिला. दुसरा दिला. आणि बंद.

धम्मपालनं हँडब्रेक ओढला आणि पंपाच्या आईबापाचा उद्धार करत खाली उतरला. चढावर गाडी बंद पडली तर आधी चाकामागं ठोकळा लावायचा, मग बॉनेटला हात घालायचा. हे तो कधी विसरत नसे. त्या रात्री विसरला. दिवसभर राबलेला, वैतागलेला माणूस. बॉनेट उघडलं, मोबाइलची बॅटरी लावून दातांत धरली आणि लागला हातपंप दाबायला.

फेस आला. फेसच येत राहिला. नाल्यातून सडक्या औषधासारखा वास येत होता. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. बऱ्याच वेळानं डिझेल आलं. त्यानं बोल्ट आवळला, मोबाइल हातात घेतला आणि म्हणाला,

‘मार.’

‘मारते.’

सेल्फ फिरला. इंजिन धरेना.

पुन्हा बोल्ट ढिला. पुन्हा पंप. पुन्हा फेस.

‘मार, संघू.’

जरा वेळ गेला. मग आतून आलं, ‘मारते…’

आवाज तिचाच. पण शब्द ओढलेला, झोपेतून उठवल्यासारखा. त्याला वाटलं, दमलीय बिचारी. सेल्फ फिरला, पुष्कळ वेळ फिरला, इंजिन खोकलं आणि गप झालं. तो म्हणाला, ‘थांब आता. मी सांगितल्याशिवाय मारू नकोस.’ आणि पंख्याच्या पट्ट्याखाली पाइप आहे ना, तो चाचपायला त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला.

सेल्फ फिरला.

पट्ट्यानं त्याची बाही धरली. हात ओढला गेला. अंगातला सगळा जोर लावून त्यानं तो मागं खेचला, तेव्हा बाही फाटून आत राहिली आणि मनगटाची साल निघाली. बोटं वाचली ती नशिबानं.

‘अगं डोकं फिरलंय का तुझं? हात होता माझा आत.’

आतून हळूच आवाज आला.

‘माहितीय.’

पोरांनो, धम्मपाल मला म्हणाला, मामा, पाच वर्षांच्या संसारात ती माझ्याशी भांडली असेल, रुसली असेल, पण असं नाही बोलली कधी. त्या आवाजात राग नव्हता. मी वाचलो याची चुटपुट होती.

तो तिथंच उभा राहिला. बॉनेटच्या बाजूला होऊन केबिनमध्ये बघायला पाच पावलं लागतात. ती टाकायची हिंमत होईना. इतका बिनधास्त माणूस, बायकोचं तोंड बघायला घाबरला.

आणि तेवढ्यात गाडीच्या मागून हाक आली.

‘अहो, कुणाशी बोलताय?’

संघप्रिया.

तो वाकून बघतो तर ती मागच्या चाकापाशी. खाली वाकलेली, हातात लाकडी ठोकळा. नवरा ठोकळा लावायला विसरला, हे तिच्या ध्यानात आलं होतं. तो पंपाला शिव्या घालत असतानाच ती पलीकडच्या दारानं उतरली होती. ठोकळा मागं भांड्यांत होता. फाळक्याचं कुलूप काढायला जुडगा घेऊनच उतरली होती. साखळी सोडून, टोप सरकवून ठोकळा शोधण्यात एवढा वेळ गेला होता तिचा.

गाडीची चावी तिच्या बोटात लटकत होती.

‘तू… तू सेल्फ मारत नव्हतीस?’

‘चावी माझ्याकडं आहे. मला वाटलं तुमीच वायर जोडून मारताय.’

दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

आणि सेल्फ फिरला.

या खेपेला इंजिननं धरलं. चालू झालं. धडधडायला लागलं. दिवे लागले. मग केबिनमध्ये कट्ट असा आवाज झाला. ड्रायव्हरला तो आवाज झोपेतही कळतो. हँडब्रेक सुटला होता.

भांड्यांनी भरलेली गाडी. चढ. मागं ती.

‘संघू, हट.’

ती हटली नाही.

चाक फिरलं. हळू. मग जोरात.

‘हट तिथनं…’

ती बघत होती त्याच्याकडं. डोळे मोठे झालेले. तोंड उघडं. पाय जागच्या जागी. ठोकळा हातातून पडला. चाक ठोकळ्यावर चढलं…

धम्मपाल कसा पळाला, त्याला सांगता येत नाही. त्यानं तिचा उजवा हात मनगटाशी धरला आणि हिसका मारला. एकदा मारला, ती आली नाही. एवढीशी बाई, आली नाही. त्यानं पुलाच्या कठड्याला पाय लावला आणि पुन्हा ओढली. मग एकदम काहीतरी सुटल्यासारखी ती त्याच्या अंगावर येऊन पडली. गाडी त्यांच्या पायांना घासून मागं गेली आणि कठड्यावर आदळली. टोप, पराती, सगळं नाल्यात. तो आवाज किती वेळ घुमत होता.

मग इंजिन बंद पडलं.

आतल्या दिव्याच्या उजेडात बाजूच्या खिडकीतून केबिन दिसत होती. आत कोणी नव्हतं.

कोणी म्हणजे कोणीच नव्हतं रे, यशराज. मी काय सांगतोय मग.

दोघं तिथून पळत सुटले ते एका कंपनीच्या गेटवर येऊन थांबले. वॉचमन भला माणूस. त्यानं काही विचारलं नाही, खुर्च्या दिल्या, चहा दिला. चहा पोटात गेल्यावर धम्मपालचा जीव थोडा थाऱ्यावर आला, आणि मग सगळी भीती बायकोवर निघाली. माणसाचं असंच असतं. जिच्यासाठी जीव तुटतो तिच्यावरच आधी खेकसतो.

‘हट म्हणून ओरडत होतो मी. बहिरी झालीस का? हलली का नाहीस?’

ती कपाकडं बघत बसली होती. मग म्हणाली,

‘तुमी सोडलंच नाही तर कशी हलणार?’

‘मी?’

‘मागून दंड धरला होता तुमी. घट्ट. किती ओढलं मी…’

‘संघू, मी समोरून पळत आलो. मी समोर होतो तुझ्या.’

‘समोर पण तुमीच होता,’ ती म्हणाली.

वॉचमन उठून आत निघून गेला.

उजाडल्यावर तिनं डाव्या हाताची बाही वर केली. दंडावर मागून पंजा उमटला होता. काळा, डिझेलच्या हातांनी धरल्यासारखा. चार बोटं पुढं, अंगठा मागं. धम्मपालनं तिचा उजवा हात धरला होता, डाव्याला तो शिवलाही नव्हता. तरी त्यानं आपला पंजा त्या ठशावर ठेवून बघितला. का ठेवला, देव जाणे. नसता ठेवला तर बरं झालं असतं, असं आता म्हणतो.

बरोब्बर बसला. बोटाला बोट.

गाडी त्यानं भंगारात घातली. धंदा चालू आहे, भाड्याचा टेम्पो बोलावतात. संसारही चालू आहे, बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. पण स्वयंपाकघरात तो मागून आला की ती हातातलं काम सोडून वळते आणि भिंतीला पाठ लावून उभी राहते. तो पाणी प्यायला आलो होतो म्हणतो आणि तहान नसताना पाणी पिऊन जातो.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडं गेलो होतो. तो बाजारात गेला होता. एवढ्या उकाड्यात तिच्या अंगात पूर्ण बाहीचा ड्रेस. मी म्हटलं, पोरी, अजून आहे का गं ते? तिनं बाही वर केली. होतं. साबण झाला, रॉकेल झालं, डॉक्टरचं मलम झालं, जरासुद्धा पुसट नाही.

आणि मला म्हणाली, ‘मामा, एक बघता का? यांना सांगू नका.’

तिनं माझा हात धरून त्या ठशावर ठेवला. डिसेंबरपासूनचा डाग तो. बोटं उचलून मी बघितली.

ओली होती. ताजं डिझेल.