गंधालीचा व्हॉल्व्ह

सिद्धेश, तो मोबाईल आधी खिशात घाल. मी चौथी नापास माणूस, मला रचून सांगता येत नाही. शेजारच्या प्रीतमने सांगितलं तेवढंच सांगतो.

प्रीतम साकीनाक्याच्या गोदामातून हॉस्पिटलांना हृदयाचे व्हॉल्व्ह पोचवायचा. जन्मापासून हृदय बिघडलेली पोरं एकदम अत्यवस्थ झाली की छाती न फाडता शिरेतून नळी घालून व्हॉल्व्ह बसवतात. नेमकं माप ऑपरेशनच्या टेबलावरच कळतं, म्हणून सगळ्या मापांचे डबे न्यायचे. हा धंद्याचा नियम.

चोवीस सालच्या पावसाळ्यात मुलुंडच्या हॉस्पिटलात गंधाली नावाची एकोणीस वर्षांची पोर अशीच टेबलावर होती. याने आळसापायी दोनच डबे नेले. लागलं तिसरंच माप. परत जाऊन येईस्तोवर पोर गेली. आणि हा निगरगट्ट म्हणतो कसा, "सिस्टरने फोनवर दोनच सांगितले." फोन करणाऱ्या पद्मजा सिस्टरची नोकरी गेली. याची राहिली.

मग पंचवीस सालची सतरा जानेवारी. शुक्रवार, रात्रीचे पावणेबारा. मुलुंडहून फोन, अर्जंट. प्रीतमने या खेपेला सगळे डबे गाडीत ठेवले नि निघाला एकटाच.

कांजूरमार्ग मागे पडलं. मागच्या सीटवर कुणीतरी खोकलं. ओला खोकला. छातीत पाणी भरल्यासारखा.

"सगळे आणलेस ना?"

आरशात कुणी नाही.

"ह... हो."

"सिस्टर तेव्हा काय म्हणाली होती रे?"

प्रीतमने गाडीचा वेग वाढवला.

"काय म्हणाली होती?"

"सगळे आण... म्हणाली होती."

"मग उद्या सांग. सगळ्यांसमोर."

"माझी नोकरी जाईल गं..."

गाडी आपोआप थांबली. प्रीतमच्या पाठीखाली ऑपरेशन टेबलासारखं गार लोखंड लागलं. वर पांढरा उजेड.

"बरं. सरळ झोप. हलू नकोस हं... थोडं टोचेल."

...

पहाटे हवालदाराने काच ठोठावली तेव्हा हा सीटवर आडवा. डबे जसेच्या तसे, सील शाबूत. मुलुंडला विचारलं, तर रात्री कुणी फोनच केला नव्हता.

मी म्हटलं, "मेल्या, जा, खरं सांगून टाक. त्या बाईला तिची नोकरी तरी मिळेल." म्हणतो, "सांगीन ना, भाऊ." अजून गेलेला नाही.

त्याच्या उजव्या जांघेत सुईएवढं भोक आहे. व्हॉल्व्हची नळी घालतात ना, तिथंच. डॉक्टर म्हणतात, दोन दिवसांत बुजायला हवं होतं. वर्ष उलटलं.

पट्टी रोज सकाळी ओली निघते.