पट्ट्याला फुटलेले कान

जीवन गाडीत सापडला तेव्हा त्याचे गुडघे स्टीअरिंगखाली असे रुतले होते, की चहावाल्या शीलाला आधी सीट मागे सरकवावी लागली. मग माणूस बाहेर निघाला. कपाळ फुटलेलं, शुद्ध नाही.

बाजूच्या नालीत तांड्यातले म्हातारे डोंगरसिंग पडले होते, सायकलसकट. मांडीचं हाड मोडलेलं. वेळ दिवेलागणीची, रस्ता बाभुळगावहून कळंबला जाणारा.

गाडी रजतची. रजत म्हणजे रामराव पाटलांचा मुलगा, आणि तो सकाळपासून नागपूरला होता. मग गाडी चालवली कोणी? हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. ज्याचे गुडघे स्टीअरिंगखाली, तोच चालवणारा.

फौजदार रंजिता यांनी तसं कागदावर घेतलंसुद्धा. फक्त जीवनच्या आईची सही राहिली होती.

आणि धुरपताबाई सही देईना.

ती सकाळच्या पहिल्या एसटीने यवतमाळच्या दवाखान्यातून थेट ठाण्यात आली होती. रात्रभर लेकाच्या उशाशी बसून डोळे लाल झाले होते, पण हातातल्या बलोयांचे चुडे खणखणत होते. शाळा दुसरीत सुटलेली. तांड्यात मात्र तिचा शब्द खाली पडत नसे.

"बाई, अंगठा द्या," रंजिता म्हणाल्या.

"अंगठा कायले? सही येते मले. पण खोट्या कागदावर नाई येत."

"तुमचा मुलगा सीट कव्हर शिवतो ना?"

"शिवते. साऱ्या तालुक्याच्या गाड्याइचे."

"काल चार वाजता तो पाटलांच्या गोदामात या गाडीच्या सीटचं माप घ्यायला गेला. चावी गाडीलाच होती. मोह झाला, घेऊन निघाला. सरळ आहे."

"लय सरळ हाय," धुरपताबाई म्हणाली. "म्हणूनच डाव्या खांद्यावर वळ उठला का त्याच्या? मी रात्री आंग पुसलं त्याचं. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत निळा पट्टा. तुम्ही पाह्यला?"

रंजितांनी पाहिला नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"गाडी कुठी हाय?"

गाडी ठाण्याच्या मागच्या आवारात, निंबाखाली उभी होती. धुरपताबाईने तिला एक फेरा घातला. लाल, चपटी, बेडकासारखी भुईला टेकलेली. पोतं ठेवायला जागा नाही, म्हातारं माणूस बसवायला जागा नाही. दोघं बसणार, तेही पाय पसरून, आजारी असल्यासारखे. एवढ्या पैशात ट्रॅक्टर आला असता आणि घरात अक्कलही उरली असती.

"हे दिवे कोणं बसवले?"

"रजतनेच. मोबाइलवर पाहून घरच्या घरी." रंजितांनी सकाळीच त्याला फोन केला होता. "मूळचे दिवे मंद म्हणून पांढरे लावले. त्याचं बटणही वेगळं केलं आणि लपवून बसवलं, दुसऱ्या कोणी संध्याकाळी गाडी नेऊ नये म्हणून. म्हणाला, कुठे आहे ते मी कोणालाच दाखवलं नाही."

"वा रे इंजिनेर! रस्ता सोडून निंबाचे शेंडे दाखवते थे लाइट. डोंगरसिंगबापू शुद्धीवर हायेत. थे म्हणे, उजेड सारा झाडावर, अन् मी अंधारात. चालवणाऱ्याले दिसलोच नाई."

तिने उजवीकडचं दार उघडलं आणि चालवणाऱ्याचा पट्टा ओढला. तो अर्ध्यावर अडला. मधोमध फाटलेला पट्टा एकावर एक ठेवून सुतळीने शिवला होता. सुपारीएवढी गाठ. आणि जोडाच्या दोन्ही टोकांना कापड मुरडून बाहेर काढलेलं.

धुरपताबाई त्या जोडावर अंगठा फिरवत राहिली.

"हे बी रजतनं शिवलं?"

"नाही. पट्टा फाटला होता म्हणून तर तो नवीन आणायला नागपूरला गेला. हे तुमच्या मुलानेच केलं असेल."

"माह्या लेकानं?" तिने आपली ओढणी उलटी करून दाखवली. काचा, कवड्या, आणि टाका असा सपाट की हाताला लागू नये. "थो हे पाहून शिकला. असा गचाळ टाका त्यानं घातला असता त म्या त्याले जेवाले नसतं वाढलं."

शीला जबाब द्यायला आलीच होती. चहाची टपरी सोडून यावं लागलं म्हणून कावलेली.

"शीला, आवाज झाला तवा काय पाह्यलं?"

"धाड्कन आवाज आला, काकू. मी गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन राह्यलती. वळून पाह्यलं त गाडी पुलाच्या कठड्याले टेकलेली, लाइट चालू. मंग लाइट गेले."

"आवाजासंगच?"

"नाई न. म्या गल्ला बंद केला, चप्पल घातली, मंग लाइट गेले."

"अन् जीवनले काढलं कसं?"

"निघेच ना! सीट पार पुढं. एवढा उंच माणूस, गुडघे हनवटीले."

इतक्यात रामराव पाटील आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, आणि एवढ्या उन्हात उजव्या खांद्यावर चौघडी केलेला दुपट्टा. त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला; पाय तेवढे जमिनीला टेकेनात. त्यांनी कप डाव्या हाताने घेतला.

"लवकर आटपा, मॅडम," ते म्हणाले. "पोरगं चांगलं होतं. चुकलं. मी काही केस लावून धरत नाही. माणुसकी आहे मला."

"लय उपकार," धुरपताबाई म्हणाली. "पाटील, काल संध्याकाळी कुठं व्हते तुम्ही?"

"तू कोण मले इचारणारी?" पुस्तकी भाषा एका घोटात उतरली.

"मी विचारते," रंजिता म्हणाल्या.

"वावरात. पुलाजवळच्या. पायी गेलो, पायी आलो."

"आवाज आला नाई?"

"मोटर चालू व्हती पाण्याची."

"गाडी कधी चालवली तुम्ही?"

"थ्या खेळण्यात मी बसू? साऱ्या गावाले माहीत हाय, मी तिले हातसुदिक लावत नाई. पोराचे थेर थे."

हे मात्र खरं होतं. चावडीवर बसून ते रोज त्या गाडीची टवाळी करत.

"आईचं म्हणणं असं, की जीवन डाव्या बाजूला बसला होता," रंजितांनी सांगितलं.

रामरावांनी कप खाली ठेवला. "मंग संजय असंल. माह्या ट्रॅक्टरवरचा. त्याचा डोळा व्हता गाडीवर."

धुरपताबाई हसली. हे हसू तांड्यातल्या सुना ओळखून होत्या. त्या अशा वेळी भांडी घासायला निघून जात.

"मॅडम, एवढे लाइट लावून दाखवा. फुटले का सलामत हायेत, पाहू द्या."

शिपाई आत वाकला. चावी फिरवली, दांडी फिरवली. काही नाही. रंजितांनी सगळी बटणं दाबली. वायपर हलले, हॉर्न वाजला. शिपाई पुन्हा वाकला आणि त्याची टोपी पडली. शीला खिदळली.

रामराव पाहत होते. बिनकामाच्या माणसांचा त्यांना जन्मापासून तिटकारा.

"सरका! एक बटण सापडत नाई, निघाले तपास करायले." ते वाकले, सीटच्या खाली हात घातला, चाचपलंसुद्धा नाही. टक्. भर उन्हात दोन्ही दिवे निंबाच्या शेंड्यावर पडले.

पण हात उजवा होता. ओठ आवळूनही त्यांच्या तोंडून "आई गं" निघालंच.



"लाइट सलामत हायेत," धुरपताबाई म्हणाली. "म्हंजे काल फुटून गेले नाई. कोणंतरी इझवले. माहा लेक बेशुद्ध व्हता. थ्याले बटणाचा पत्ता नाई. रजतनं कोणालेच दाखवलं नाई. पाटील, ज्या गाडीले तुम्ही हात लावत नाई, तिच्या बुडाखालचं बटण तुमच्या हाताले असं पाठ कसं?"

"पोरानं सांगतलं असंल कधी."

"त्याले इचारू. तवरिक पट्टा पाहा, मॅडम. उजव्या सीटचा पट्टा उजव्या खांद्यावरून येते. डाव्या सीटचा डाव्या. माह्या लेकाचा वळ डाव्या खांद्यावर. थो चालवत नव्हता, बाजूले बसून व्हता. चालवणाऱ्यानं त्याले ओढून स्टीअरिंगमांगं कोंबलं, पण सीट मांगं घ्याची अक्कल आली नाई. सीट व्हती आपल्या मापाची. संजय सहा फुटाचा. थो एवढी पुढं सीट घेऊन बसंल त तोंडानं गाडी चालवंल. बुटकं माणूस कोण हाय, पाहून घ्या."

शिपायाने पाहून घेतलं.

"अन् हा जोड. सुतळी, दाभण, अन् टोकाले काढलेले कान. सोयाबीनचं पोतं शिवते न माणूस, तवा कोपऱ्याले असे कान काढते, हमालाले धरता यावं म्हणून. गाडीच्या पट्ट्याले कान कायले? त्याले कोण हमाल उचलते? पण हाताले सवय असली का हात इचारत नाई. जीवन निस्ता माप घ्याले आलता, सुई-दोरा संग नाई; थो तुम्हाले बिना पट्ट्याचं बसू दे ना म्हणून तुम्हीच घाईघाईत शिवला. खोटं असंल त दुपट्टा काढा. सुपारीएवढी गाठ हाय, हाडावर निशाणी ठेवल्याबिगर राहात नाई."

रंजिता पुढे झाल्या. "पाटील, दुपट्टा."

रामरावांनी तो हळूहळू काढला. सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. गळ्याच्या हाडावर जांभळा गोळा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन काळे कोपरे.

"एकदाच चालवली," ते म्हणाले. "पोरगा रोज बसते, मी खिडकीतून पाहतो, बटण कुठं दाबते तेबी पाह्यलं. मलेबी वाटलं. साऱ्या गावात नावं ठेवली तिले, आता कोणत्या तोंडानं बसू? जीवनले म्हटलं, चाल, कळंबपर्यंत. कोणाले सांगू नको."

"मन झालं, चालवली. थ्याचं काही नाई," धुरपताबाई म्हणाली. "पण नालीत म्हातारा इव्हळून राह्यला व्हता. तुम्ही लाइट कायले इझवले? उतरताना कोणी पाहू नये म्हणून. अन् माह्या लेकाले आपल्या जागी बसवून वावरातून घरी जाऊन जेवले. पोरानं चुकी केली, मी माफ करतो, म्हणे! थू तुमच्या माफीवर."

रामराव मान खाली घालून म्हणाले, "धुरपताबाई, डोंगरसिंगचा दवाखाना मी पाहतो. जीवनचाबी. नाव तेवढं..."

"दवाखाना त तुम्ही पाहसालच. नावबी राहील."

रंजितांनी जुना कागद फाडला आणि नवा लिहिला. वाहन चालवणाऱ्याचं नाव, वय, गाव. लिहून झाल्यावर त्यांनी तो धुरपताबाईपुढे सरकवला. "आता सही कराल ना?"

धुरपताबाईने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मले वाचता येत नाई, मॅडम. कोणी वाचून दाखवल्याबिगर सही नाई करत मी. पाटील शिकेल हायेत, त्याइले द्या."

फाटकाशी एव्हाना निम्मं गाव जमलं होतं. चावडीवरचे सगळे होते. रामरावांनी चष्मा लावला, कागद हातात धरला आणि पुटपुटायला सुरुवात केली.

"मोठ्यानं," धुरपताबाई म्हणाली. "अन् नावापासून."