रिकाम्या जॅकवरील वजन

शुक्रवार पेठेतील मोटारदुरुस्तीच्या दुकानात मी सन १९३१ पासून कामास आहे. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झाले. तथापि जे माझ्या हातांनी अनुभवले, तेवढेच येथे लिहीत आहे.

चैत्रातील एका सकाळी मौलाली ड्रायव्हरने दुधनीच्या बाजाराची लॉरी आणली. मागील स्प्रिंगच्या पाट्याची एक पट्टी तुटली होती. त्याचा जॅक इतका अडत होता, की एक बाजू उचलेपर्यंत आम्ही दोघेही घामाघूम झालो. चाक काढून, आसाखाली बाभळीचे दोन ठोकळे एकावर एक रचून आम्ही जॅक मोकळा केला. मौलाली लॉरीखाली शिरला. मी दहा पावलांवर, दाराशी एका फळीवर जॅक उभा करून तपासावयास बसलो.

जॅकच्या स्क्रूच्या आट्यांत पिवळा, चिवट थर बसला होता.

"मौलाली, ह्याला तेल कंचं घातलंस?"

"घरचं करडीचं!" लॉरीखालून उत्तर आले. "ताजं घाण्याचं हाय, सिदूभाऊ."

"भजी तळायची हुती का? करडीचं वाळलं की डिंक हुतोय."

"बिबीजाननं दिलं, मी घातलं. बायकूला तुमीच सांगा की. आपली न्हाय छाती."

मी आटे रॉकेलने भिजवून तारेच्या कुंच्याने घासले, चिंधीने कोरडे केले आणि ग्रीस भरले. आता जॅकचा दांडा एका बोटाने फिरू लागला. मला समाधान वाटले.

सातव्या फेऱ्यास तो जड झाला.

जॅकच्या माथ्यावर काहीही नव्हते. मी त्यावरून हात फिरवून पाहिला. पुन्हा दांडा रेटला, तेव्हा खालची फळी करकरून वाकली. हे वजन माझ्या हातांच्या ओळखीचे होते. आम्ही ते सकाळीच उचलले होते.

मी मान वर केली.

वरचा ठोकळा उभा चिरून दोहों बाजूंस पडला होता. खालचा लवंडला होता. आसाखाली नुसते ऊन होते.

"मौलाली, भाईर ये."

"पट्टी बसू दे की. दम काढा जरा."

"हत्यार तितंच टाक. ये."

तो सरपटत बाहेर आला आणि त्याने मागे वळून आसाखाली पाहिले.

मी एक उलटा फेरा दिला. लॉरीचा आस बोटभर खाली आला.

आणखी एक दिला. आणखी बोटभर.

पाचव्या फेऱ्यास लॉरी मातीवर टेकली.

दांडा मात्र हलका झाला नाही.

मौलालीने त्यास हात लावला आणि लगेच काढून घेतला. "अजून वजन हाय की." मग तो म्हणाला, "सिदूभाऊ, आता खाली कोन हाय?"

मी पुढचा फेरा दिला नाही.

त्यास आता सहा वर्षे होतील. जॅक त्याच जागी उभा आहे. गिऱ्हाइके त्यास वळसा घालून आत येतात. दर शनिवारी मी त्याचे आटे पुसून ग्रीस भरतो. दांडा मी घरी पेटीत, कुलपात ठेवला आहे. कोणी खाली असल्यास तो 'आलो' म्हणेपर्यंत जॅक उतरवावयाचा नाही, अशी आमच्या धंद्यात रीत आहे.

अद्याप कोणी तसे म्हटलेले नाही.